पाठीवरचा पाय

माझा मणका मोडला तेव्हा मी काही डोंगर उचलत नव्हते. ओली गोधडी पिळत होते.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात. घरातलं यच्चयावत सगळं बाहेर काढायचं, भिंती झाडायच्या, भांडी घासायची आणि सगळ्या गोधड्या धुवायच्या. तलवाड्याच्या अलीकडे आमची वस्ती आहे. त्या दिवशी बोअरच्या हौदाजवळ मी आणि माझी धाकटी जाऊ सुमन सकाळपासून गोधड्या आपटत होतो. भिजलेली गोधडी एकटीला पिळता येत नाही. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. तिनं उजवीकडे पीळ द्यायचा, मी डावीकडे. ती लग्न होऊन आली तेव्हापासून आम्ही दोघींनी अशाच गोधड्या पिळल्या. मी वाकून माझं टोक उचललं, पीळ दिला आणि पाठीत वाळलेली काडी मोडावी तसा आवाज झाला. तो बाहेर कुणाला ऐकू आला की माझा मलाच, ते मला आजही सांगता येत नाही.

ओरडायलाही जमलं नाही. श्वासच घेता येईना, तर ओरडणार कशी?

"काय झालं, अक्का?" सुमननं टोक सोडलं.

"उसण भरली वाटतं," मी म्हणाले.

हे लिहायचं कारण एवढंच, की आमच्या भागात माझ्यासारख्या बाया घरोघर आहेत, आणि त्यातल्या कित्येक जणी 'उसण भरली' म्हणूनच पडून आहेत. मी डॉक्टर नाही. बारावी झालेली, गाई-म्हशी आणि शेत बघणारी बाई आहे. माझ्यावर जे गुदरलं ते सांगते. त्यातलं जे उपयोगी वाटेल ते घ्यावं.

पायाळू

सुमन पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे आधी पाय बाहेर आले. असल्या माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून लहानपणी आभाळ गडगडलं की तिची आई तिला घरात कोंडायची. सुमन हे हसून सांगायची. तिच्याकडे तलवाड्याहून माणसं यायची, चांगले धोतरवाले म्हातारे कमरेवर हात धरून दारात उभे राहायचे. एरवी आमच्या घरात सुमनला कुणी काही विचारत नाही. गाय विकायची असो की पोरीचं लग्न ठरवायचं असो, तिनं फक्त चहा आणून ठेवायचा. ती मला एकदा म्हणाली होती, "अक्का, घरात मला कुनी पुसत न्हाई. पन उसन भरली की सगळा गाव मलाच पुसतो."

दुसऱ्या दिवशी मला कूस बदलता येईना. आमचे मालक म्हणाले, बीडला नेतो. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, बाजेवरूनच ते उडवून लावलं. "घरात पायाळू आसताना उसनीला डाक्टर? लोक त्वांडात श्यान घालतील."

मलाही तेच वाटत होतं, हे लपवत नाही. मला अंगणात घोंगडीवर पालथं झोपवलं. सुमन आधी माझ्या पाया पडली. थोरल्या जावेला पाय लावायचा म्हणजे पापच की! "माफी करा अक्का," म्हणाली, आणि मग तिनं माझ्या पाठीवर टाच टेकवली. एकदा. दुसऱ्यांदा. हलका हात असतो तसा तिचा हलका पाय आहे. काही वाटलं नाही.

"आगं जरा जोर दे की," आत्याबाई म्हणाल्या. "नुसता गुदगुल्या करतीस व्हय?"

तिसऱ्यांदा तिनं जोर दिला. पुढचं मला नीट आठवत नाही. लुगड्यात लघवी झाली, ते मात्र आठवतं. त्या वेळी यम दारात आला असता तर मी त्याला बसायला पाट दिला असता.

दोन मणके

गेवराईमार्गे बीडला जाताना जीपच्या मागच्या सीटवर मला आडवं टाकलं होतं. गतिरोधक किती असतात ते मला त्या दिवशी कळलं. मालक ड्रायव्हरला दर खेपेला म्हणत, "हळू घे बाबा, हळू घे," आणि स्वतःच डोळे मिटून घेत.

डॉक्टरांनी फोटो काढला, मग मशिनवर हाडांची तपासणी केली. हाडं ठिसूळ झालीत म्हणाले. ऑस्टिओपोरोसिस. दोन मणके दबले होते. एक पिळताना गेला असावा, दुसरा वरून जोर पडल्यानं.

"पाठीवर कुणी पाय दिला का?" त्यांनी विचारलं. ते आमच्याच भागातले होते, त्यांना सगळं माहीत. मालक जमिनीकडे बघायला लागले.

"गर्भाची पिशवी कधी काढली?"

"चाळिशीच्या लई अलीकडं," मी म्हणाले.

"कशासाठी?"

काय सांगणार? अंगावरून जायचं. कुणी म्हणालं ठेवली तर कॅन्सर होईल. माझी काढली, पुढच्या उन्हाळ्यात सुमनची काढली. गिरणीवर दळण न्यावं तशा बाया जातात आमच्याकडे. डॉक्टर म्हणाले, "पिशवीबरोबर बीजांडकोशही लवकर गेले की हाडं अशी रिकामी होत जातात. घरातल्या त्या दुसऱ्या बाईंनाही तपासायला घेऊन या."

मला त्या वेळी सुमनची हाडं सुचत नव्हती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, मी उठेन की नाही. आमच्या गावात पाठ किंवा खुबा मोडलेली बाई मी परत उठलेली पाहिली नाही. तिची बाज आधी ओसरीवर असते, मग आतल्या खोलीत जाते, मग गोठ्याशेजारी. वास येतो म्हणून.

वॉर्ड

दवाखान्यातला दिवस पहाटे फरशी पुसण्याच्या वासानं सुरू व्हायचा. मग इंजेक्शन, मग चहा, मग ते शौचाचं पातेलं. पातेलं म्हणजे काय ते ज्यांनी वापरलंय त्यांना ठाऊक आहे. परक्या बाईनं आपल्याला उचलून धरायचं आणि आपण छताकडे बघत बसायचं. मी पहिल्या दिवशी रडले. नंतर सवय झाली, आणि सवय झाली याचंच जास्त रडू आलं.

शेजारच्या खाटेवर पाली गावच्या एक आजी होत्या. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडलेला. बोलक्या होत्या. लेकानं आणलेली केळी मला द्यायच्या आणि म्हणायच्या, "खा बाई, तुला उठायचं हाय. माझं काय आता." मी म्हणायचे, असं बोलू नका आजी. एका सकाळी जाग आली तर त्यांच्या खाटेची गादी गुंडाळून ठेवलेली होती. पडून पडून छातीत कफ झाला, असं नर्स म्हणाली. टेबलावर एक केळं राहिलं होतं. ते वॉर्डातल्या कामाच्या मावशींनी माझ्याकडे सरकवलं आणि मी ते खाल्लं. भूक लागली होती.

त्याच दिवशी व्यायामाच्या मॅडम आल्या. लेकीच्या वयाच्या होत्या. पट्टा बांधून मला कुशीवर वळवलं, पाय खाली सोडायला लावले आणि हातांवर जोर देऊन बसवलं. मला भोवळ आली. "काकू, आजपासून तुमचं औषध हेच," त्या म्हणाल्या. "गोळ्या-इंजेक्शनं आहेतच. पण हाडावर भार पडला तरच हाड जागं राहतं. अंथरुणात ते झोपून जातं."

मला राग आला. "जन्मभर भारच वाहिला की मी! डोक्यावर कडबा, कमरेवर घागर. मग ही हाडं कशानं गेली?"

"भार वाहिलात म्हणून पाय शाबूत आहेत, काकू. पण बाकीचं सगळं काम कमरेत वाकून केलंत. आता कमरेत वाकायचं नाही. कधीच. आणि पीळ द्यायचा नाही."

मी मोठ्यानं हसले आणि पाठीतून कळ आली. आमच्या घरात न वाकता होणारं काम कुठलं, ते त्यांनी मला दाखवावं. चूल खाली, केर खाली, भांडी खाली, धार खाली, संडास खाली. आणि दारात थोरलं माणूस आलं की पदर घेऊन खालीच.

अबोला

घरी आले तेव्हा सुमननं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मी तिथेच, उंबऱ्यावरच, तिला म्हणाले, "दुसरा मनका तुझ्या पायानं मोडला."

मला पश्चात्ताप नाही. मला राग होता आणि तो खरा होता. आत्याबाईंवर काढता आला नाही, म्हणून तिच्यावर काढला, हेही खरं.

सुमनचा चेहरा उतरला. "माझ्या पायानं आजवर कुनाचं वंगाळ झालं न्हाई," ती म्हणाली. "डाक्टर परका मानूस, त्याला पायाळूचं काय म्हाईत?" आणि ती आत निघून गेली. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद, पण काम कसं बंद होणार? माझ्या वाटणीचं सगळं तिच्या अंगावर पडलं. माझं लुगडं धुणं, माझं अंग पुसणं, धारा, शेणघाण, सगळं. ती तोंडातून शब्द न काढता करायची. ताट ठेवायची आणि जायची. मला न्हाऊ घालताना तिचा हात माझ्या पाठीवर आला की थांबायचा, मग खांद्याकडे जायचा. कुणी आपल्यावर रुसावं आणि तरी आपली घाण काढावी, याच्याइतका अवघड पाहुणचार मी दुसरा पाहिला नाही.

मालकांनी मात्र न सांगता बरंच केलं. विटा रचून चुलीला ओटा केला. मोरीत खुर्चीचा संडास बसवला. गोठ्यातला लांब दांड्याचा खराटा घरात आणला, तर आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. गोठ्याचा खराटा घरात आणला म्हणजे लक्ष्मी जाते म्हणे. मी मनात म्हटलं, माझी पाठ गेली तेव्हा लक्ष्मी कुठं होती?

उठणं आणि बसणं

व्यायाम ऐकायला फार सोपे आहेत. म्हणूनच कुणी करत नाही.

भिंतीला टाचा, ढुंगण, खांदे टेकवून उभं राहायचं. डोकं भिंतीला लागावं म्हणून हनुवटी आत घ्यायची. सुरुवातीला माझं डोकं आणि भिंत यांच्यामध्ये अख्खी मूठ बसायची. मग खिडकीचा गज धरून टाचा उचलायच्या आणि सोडायच्या. मग लाकडी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि तितक्याच हळू बसायचं. बसताना धपकन बसायचं नाही, मणक्याला हिसका बसतो. पुढे रबरी पट्टा गजाला बांधून कोपर मागे ओढायचे. पाण्याच्या बाटल्यांत वाळू भरून हातांनी उचलायच्या. आणि रोज चालायचं, सपाट रस्त्यावर, पायात चप्पल नाही तर बूट. खालची वस्तू घ्यायची तर पाठ सरळ ठेवून गुडघ्यात बसायचं. हे सगळं मॅडम फोनवरून बघायच्या. मालक मोबाईल धरून उभे राहायचे आणि अर्धा वेळ त्यात फक्त छत दिसायचं.

तुम्ही हे जसंच्या तसं करू नका. आधी कुणा जाणत्याकडून आपल्या हाडाचं बघून घ्या. पोटाचे व्यायाम म्हणून पुढं वाकवणारे असतात, ते आमच्यासारख्यांना विष आहेत.

लोकांचं काय विचारता! पारावर हसायचे. बाई खुर्चीवर उठाबशा काढती म्हणून. आत्याबाई म्हणायच्या, "कामाला पाठ दुखती आन् कसरतीला न्हाई दुखत." दुखत होती. दोन्हीला दुखत होती. कितीदा मी भिंतीला टेकून उभी राहून नुसती रडले, आणि रडतानाही हनुवटी आत घ्यावी लागायची.

सुमनकडे माणसं येतच होती. एकदा एक बाई कमर धरून आली. मी ओसरीवरच्या खुर्चीवरून ओरडले, "बाई, आधी दवाखान्यात फोटो काढ! पाय देऊन घेऊ नको!" ती बाई आल्या पावली परत गेली. सुमन स्वयंपाकघरातून बाहेर आली. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी बोलली.

"अक्का, तुमची पाठ गेली. आता माझा मान कशापायी घालवता?"

मी म्हणाले, "तुझी बी पिशवी काढलीय. एकदा हाडं तपासून घे."

"माझी हाडं धड हायत," ती म्हणाली. "कामं कोन करतंय मंग?"

ती कामं करत होती, म्हणून मला खुर्चीवर उठ-बस करायला वेळ होता.

वर्ष होत आल्यावर बीडला जाऊन पुन्हा मशिनवर तपासणी केली. मला वाटलं होतं डॉक्टर पाठ थोपटतील. ते म्हणाले, "वाढलं नाही. पण घसरण थांबलीय. हेही कमी नाही." एवढा घाम गाळून माणूस होता तिथेच राहतो, हे ऐकायला कडू लागतं. पण मी जीपमध्ये माझ्या पायांनी चढले होते, आणि पालीच्या आजी नव्हत्या.

पुन्हा दसरा

पुन्हा घटस्थापना जवळ आली. पुन्हा गोधड्या निघाल्या. मालक म्हणाले, औंदा गोधड्या राहू द्या. आत्याबाई म्हणाल्या, धुतल्याबिगर देव बसत न्हाईत. मी ओसरीवर खुर्चीत होते. समोर हौदावर सुमन एकटी.

तिनं पहिली गोधडी धुतली. मग एक टोक बोअरच्या पाईपला बांधलं आणि दुसरं स्वतः धरून पीळ द्यायला लागली. माझ्या जागी पाईप. मी दोन-तीन गोधड्या बघितल्या, चौथीला बघवेना. "सुमन, सोड त्या! पानी गळू दे तसंच!" मी ओरडले. तिनं मान वर केली नाही. वाकली, टोक अजून जवळ ओढलं, पीळ दिला, आणि तिथेच हळूच खाली बसली. मग आडवी झाली. गोधडी पाईपला तशीच लोंबत राहिली.

मी खुर्चीवरून उठले. हात न टेकता. वर्षभर मी त्याचसाठी उठ-बस केली असावी. अंगण ओलं होतं, तरी मी भराभर चालत गेले, पण तिच्याजवळ गेल्यावर करायचं काय? मला वाकता येत नव्हतं. मी गुडघे मोडून, पाठ सरळ ठेवून चिखलात तिच्याशेजारी बसले. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "उसन भरली आसंल. पायाळूला..." आणि थांबल्या. गावातली पायाळू चिखलात पडली होती. मग म्हणाल्या, "गेवराईला एक पायाळू हाय म्हनं. त्याला बलवा."

"न्हाई," सुमन म्हणाली. श्वास तुटत होता. "कुनाचाबी पाय लागू देऊ नका."

पुन्हा जीप, तेच गतिरोधक, तोच वॉर्ड. तिची हाडं माझ्याहून ठिसूळ निघाली. तीन मणके. माझी कामं तिनं वर्षभर केली होती, त्यातल्या कुठल्या वाकण्यानं कुठला मणका गेला ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. ती उभी राहील का, यावर ते म्हणाले, बघू.

आता ती घरी आहे. तिची बाज मी ओसरीवरून हलू दिलेली नाही. कामाला बाई लावायची की काय करायचं, यावर घरात रोज भांडण होतं. आत्याबाई कुणाशीच बोलत नाहीत. मी सकाळी माझा व्यायाम करते आणि मग खुर्ची घेऊन तिच्या बाजेजवळ बसते. मॅडमनी तिला झोपल्या झोपल्या करायचे व्यायाम दिलेत, ते मी करून घेते.

काल दुपारी मी तशीच बसले होते. ती छताकडे बघत होती.

"अक्का," ती म्हणाली. "त्या दिशी मी पाय दिला, तवा असंच दुखलं व्हतं का?"

वर्षभर मी या प्रश्नाला जहरी उत्तरं मनात घोळवली होती. आता एकही आठवेना. खोटं सांगावं असं फार वाटलं. पण तिला आता स्वतःच्या पाठीवरून सगळं कळतच होतं.

"असंच," मी म्हणाले.

तिनं दोन्ही पाय हळूहळू गोधडीच्या आत ओढून घेतले आणि गोधडीची कड मुठीत धरली. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं, ते तिला पुसता येईना. मी पदरानं पुसलं.

मग मी म्हणाले, "पाय बाहेर काढ, सुमन. टाचा हलवायच्या राहिल्यात."

बराच वेळ गेला. मग तिनं एक पाय बाहेर काढला.